घंगाळ अकरा दिवस गप्प आहे

गेल्या महिन्यात या पानावर मी लिहून गेले होते की मला 'ओंजळ' हा शब्द इतका आवडतो की नुसता म्हटला तरी हात आपोआप जवळ येतात. सहज लिहिलं होतं हो, खाली चार ओळींची जागा उरली होती म्हणून. तर त्यावर एवढी पत्रं, मेल, मेसेज आले की संपादकांनी विचारलं, ताई तुम्ही परस्पर स्पर्धा वगैरे जाहीर केलीत की काय. नाही केली. पण मुंबईत इतकी माणसं रात्री जेवणं आवरून अनोळखी लोकांशी शब्द-शब्द खेळत बसतात हे मला खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं हा आजार आपल्यालाच आहे. म्हणून या वेळी सगळी त्यातलीच पत्रं घेतलीयत. सासू-सुना, भाडेकरू आणि केसगळती पुढच्या महिन्यात.

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, भांडुपला राहते, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शब्दकोडी सोडवायच्या नादात आमची सात जणांची ओळख झाली, मग व्हॉट्सॲप ग्रुप झाला. नियम एकच, रात्री दहाला ज्याची पाळी त्याने कानाला गोड लागणारा एक शब्द टाकायचा, नुसता शब्द, अर्थ नाही, फुलं नाहीत, गुड नाइट नाही. बाकीच्यांनी सातपैकी गुण द्यायचे. आमची नावं पण शब्दच. मी 'अडगळ', एक 'झुळूक', एक 'पागोळी', एक 'किरमिजी', आणि एक 'घंगाळ'. घंगाळ हा पुरुष असावा, वय माहीत नाही, ळ चा एवढा वेडा की शब्दात ळ नसेल तर अर्धा गुण कापतो म्हणजे कापतोच, भांडून उपयोग नाही. इतकी वर्षं झाली, आम्ही कुणीच कुणाला पाहिलेलं नाही. नवरा चिडवतो, तुझं ते भांडं काय म्हणतंय आज. मुलगी म्हणते मम्मी हे क्रीपी आहे. ते सगळं ठीक, पण आता अकरा दिवस झाले घंगाळचा मेसेज नाही, मी पाठवलं तर टिक एकच येते. परवा मला गाडीत रडायला आलं आणि मग माझी मलाच लाज वाटली, की ज्याचं नाव पण माहीत नाही त्याच्यासाठी काय रडायचं. याला मैत्री म्हणायचं का? आणि त्याला शोधू का?
— अडगळ, भांडुप

उत्तर : अगं अडगळ, आधी घंगाळाबद्दल बोलू दे, मग तुझ्याकडे येते. आमच्या गिरगावच्या चाळीत मोरीच्या कट्ट्याला टेकून एक घंगाळ असायचं, पितळेचं, पसरट तोंडाचं, दोन बाजूंना दोन कड्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आजी पहाटे बंबातलं कढत पाणी त्यात काढायची आणि विसण घालायला ते थोडं सरकवायची तेव्हा कडी पितळेवर आपटून असा आवाज यायचा की तो ऐकूनच आम्ही पांघरुणात अजून आत शिरायचो. घं-गा-ळ. शब्दात आधी तो घणघणाट आहे, मग मोठ्ठा आ, आणि शेवटी पाणी. ज्या माणसाला स्वतःसाठी हे नाव सुचलं तो मला न बघताच आवडलेला आहे, तेव्हा माझं उत्तर थोडं त्याच्या बाजूने झुकणार हे आधीच सांगते. (आमचं घंगाळ नंतर कुणी मोडीत घातलं त्यावरून दोन काकांमध्ये अजून बोलणं नाही. आता तसलीच घंगाळं हॉटेलांच्या दारात पाणी भरून वर झेंडूच्या पाकळ्या सोडून ठेवलेली दिसतात. मला तिथं विसण मागावंसं वाटतं.)

आता तुझा प्रश्न. नाव माहीत नाही, घर माहीत नाही, मग मैत्री कशी. अगं तू रोज भांडुपहून सीएसएमटीला जातेस आणि हे मला विचारतेस? आपल्या शहरात लेडीज डब्यात वर्षानुवर्षं दुसरं काय चाललंय? मी बोरिवलीहून चर्चगेटला जायचे तेव्हा आमच्यात एक मावशी होती, अंधेरीला चढायची आणि आम्ही तिला चौथी सीट द्यायचो, म्हणजे तिघींच्या बाकड्यावर सरकून सरकून चौथीला अर्धं टेकायला मिळतं ती. तिच्या मुलाची दहावी, वहिनीचा खडूसपणा, तिच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं आम्हाला पाठ. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायला झेंडू तीच आणायची. आडनाव? नाही माहीत. अंधेरी पूर्व की पश्चिम? नाही माहीत. ती आमची मैत्रीण नव्हती असं कुणी म्हणालं असतं तर तिथंच चार बायकांनी त्याला सांताक्रूझला उतरवलं असतं, गाडी तिथं थांबत नसताना.

तर ही मावशी एकदा यायचीच बंद झाली. दोन दिवस आम्ही जागा धरली, तिसऱ्या दिवशी दुसरी कुणीतरी बसली, मग आम्ही एकमेकींना विचारायला लागलो तुझ्याकडे नंबर आहे का, तर एकीकडेही नाही. वीसेक दिवसांनी मावशी आली, बारीक झालेली, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. चढल्या चढल्या म्हणाली, "मेल्यांनो, एकीला पण वाटलं नाही का गं?" हसत म्हणाली, पण वांद्रं गेलं तरी पुढं काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत बसली. आम्हाला वाटलं होतं ना, रोज वाटत होतं, पण वाटून काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. तेच तुझं आत्ता झालंय.

म्हणून शोधू नकोस, हाक मार. शोधणं म्हणजे ट्रूकॉलरवर नंबर टाकून नाव काढणं, मग फेसबुकवर नातेवाईक हुडकणं, ते नको, त्याने त्याचं नाव दिलेलं नाही तर आपण ते खणून काढू नये. पण ग्रुपवर नाही, त्याच्या एकट्याच्या नंबरवर मेसेज टाक. एकच टिक येतेय म्हणजे बहुतेक फोन बंद आहे, चालू झाला की पोचेल. आणि "कुठे आहात, सगळं ठीक ना, आम्ही सगळे टेन्शनमध्ये आहोत" असलं नको, तुमच्या नियमात बसेल असं पाठव. नुसतं 'काळजी'. बघ, त्यात ळ पण आहे, अर्धा गुण कापायची सोय नाही. दोन दिवसांनी एकदा साधा फोन लावून बघ, उचलला कुणी तर विचार. आणि तो परत आला की सातही जणांनी मिळून एक करा, प्रत्येकाने घरच्या एका माणसाचा नंबर एका कुणाकडे तरी देऊन ठेवा, झुळूककडे द्या हवं तर. बाकीच्यांनी तो बघायचा नाही. आम्ही मावशीनंतर हेच केलं, एका बारक्या डायरीत, ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

रडलीस त्याची लाज वाटून घेऊ नकोस. पाच-सहा वर्षं तुझी पाळी आली की रात्री दहाला एक माणूस तुझा शब्द वाचून गुण देतो, किती नवरे एवढं ऐकतात? नवऱ्याचं म्हणशील तर त्याला एकदा तुझी पाळी देऊन बघ. "आज माझ्याऐवजी तू शब्द दे" म्हण. पुरुषांना गुण मिळायला लागले की ते गप्प बसतात आणि मग रोज विचारतात मला किती पडले. मुलीचं मात्र ऐकून घे, ती अगदीच चुकीचं बोलत नाहीये, का ते खालचं चेंबूरचं पत्र वाचलंस की कळेल.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, विक्रोळीत राहतो, आयटीत आहे. वर्ध्याची एक मुलगी ऑनलाइन क्विझमध्ये भेटली. एकदा ती म्हणाली आज पोह्यावर सांबारच नव्हता, मजा नाही आली. मी म्हटलं पोह्यावर सांबार कोण खातं, आणि तिला इडलीचा फोटो पाठवला. ती दोन दिवस हसत होती. मग कळलं त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. टोमॅटोला भेदरं. तेव्हापासून आम्ही यादी करतोय, तिच्याकडचे शब्द आणि माझ्याकडचे, मी तिला वांदे, झोल, कल्टी, राडा असले देतो. एकूण २१२ झाले. हे प्रेम आहे का टाइमपास?
— भेदरलेला, विक्रोळी

उत्तर : २१२ मोजलेस ना? मग मला काय विचारतोस. सही काय भारी केलीयस रे, तिला दाखवलीस का?

बरं, सिरियसली. यादी टाइप करून करताय ते थांबवा थोडं आणि फोनवर बोला. विदर्भातली बोली टाइप केली की तिची निम्मी मजा जाते, ते "काय करून राह्यला बे" कानाने ऐकायचं असतं, त्यातला हेल अक्षरात येत नाही. तुझं विक्रोळीचं मराठी पण तिला ऐकू दे, आपण मुंबईवाले अर्धं वाक्य हिंदीत टाकतो आणि आपल्याला पत्ता पण नसतो. तिच्या बोलण्याला चुकूनही "शुद्ध" करायला जाऊ नकोस, आणि तिच्या मैत्रिणींसमोर सांबारचा जोक सांगू नकोस, तो तुमच्या दोघांचा आहे. आवाज ऐकूनही यादी वाढत राहिली तर मग सीएसएमटीहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस सुटते, सकाळी वर्धा. जाताना बोंबलाचं लोणचं नको नेऊस, घट्ट झाकणाची बाटली असली तरी नको.

प्रश्न : एक 'शब्दमित्र' दोन महिने रोज सुंदर सुंदर जुने शब्द पाठवत होता, आता म्हणतो आईचं ऑपरेशन आहे, १८ हजार गूगल पे करा, लगेच परत देतो. फोनवर बोलायला तयार नाही. देऊ का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : नाही. व्हिडिओ कॉल करा म्हणावं, हॉस्पिटलचं नाव सांगा म्हणावं, आम्ही तिथंच भरतो. पुढं काय होईल ते मी लिहून देते, तो गायब होईल. जुने शब्द कोशातून उतरवून पाठवायला दोन मिनिटं लागतात. आणि आधीच काही पाठवलं असेल तर लाजत बसू नका, आत्ता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला, उशीर जितका कमी तितकी रक्कम अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१, राहणार गिरगाव. शब्दप्रेमींच्या एका ग्रुपात होतो. लोक 'आणी', 'परंतू', 'माहिती'चं 'माहीती' असं काहीही लिहीत. मी रोज रात्री त्या दिवसाच्या चुका क्रमवार टाकत असे. मागच्या आठवड्यात मला ग्रुपमधून काढलं. शब्दांवर प्रेम करणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घाचा त्रास व्हावा हे मला समजत नाही.
— एक व्यथित मास्तर

उत्तर : सर, नमस्कार. मी गिरगावच्याच शाळेत शिकले, त्यामुळे हे लिहिताना हात पुढे करून उभी आहे असं समजा.

चुका होत होत्या, मान्य. पण सर, तुम्ही क्रमवार टाकत होतात हो! रात्रीचे अकरा वाजलेत, माणूस दिवसभर लटकून आलाय, बायकोच्या नकळत गच्चीवर जाऊन त्याने एक 'वेल्हाळ' टाकलाय, आणि खाली तुमचं "१) २) ३)". त्याला वेल्हाळ शब्दाला दाद हवी होती. तुम्ही त्याच्या 'आणी'वर गोल केलात.

आणि गंमत बघा. आपले लेखनाचे नियम आत्ताचे म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले आणि एकूण अठरा झाले, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे काजव्याने सूर्याला वगैरे. त्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, पाटी, जादू, कवी, गुरू, सगळे दीर्घ. मग शेवटी ऱ्हस्व ठेवायची सवलत मिळाली कुणाला? 'आणि'ला, 'नि'ला, 'परंतु'ला, 'तथापि'ला. एवढ्या कडक नियमांनी सूट दिली ती जास्त करून दोन वाक्यांना जोडून धरणाऱ्यांना. तुमच्या ग्रुपचे लोक नेमके ह्याच शब्दांवर अडखळत होते, आणि तुम्ही नेमके तिथंच तुटलात.

ॲडमिनला एक मेसेज करा. माफी वगैरे नको, तुम्हाला ती जमायची नाही. लिहा की मला परत घ्या, मी आठवड्यातून एकदाच आणि एकच चूक दाखवीन, तीही ज्याची आहे त्यालाच, खासगीत. आणि त्याच्या बरोबर एक शब्द द्या, शाळेत मुलांना सांगायचात तसा गोष्टीसकट. तुमच्याकडे त्या लोकांकडे नसलेलं केवढं तरी असणार. शाळेतल्या बाईंनी आम्हाला 'वळचण' हा शब्द बाहेर पाऊस पडत असताना खिडकीतून हात काढून, छपराच्या कडेकडे दाखवून शिकवला होता. स्पेलिंग, सॉरी, लेखन कुणी तपासलं आठवत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपात शुद्ध मराठीचा नियम आहे, परका शब्द आला की पाच रुपये दंड. माझे आतापर्यंत २४० झाले. हे योग्य आहे का?
— दंडित, परळ

उत्तर : खेळ म्हणून झकास, फक्त दंड कशावर लावायचा ते ठरवताना तुमची गोची होणार आहे. त्या वसूल केलेल्या पैशांचा तुम्ही वडापाव आणाल ना? बटाटा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, पाव पण पोर्तुगीजच. दोन्ही काढले तर हातात बेसनाचं कवच राहील, आणि बाजूची मिरची पण ठेवून द्या, शब्द आपला असला तरी ते झाड समुद्रापलीकडून आलंय, त्याच लोकांच्या जहाजांतून. ज्यातून दंड भरायचा तो पगार पोर्तुगीज, कपाटाची चावी पोर्तुगीज, आणि मे महिन्यात ज्याच्यावर आपण एवढा अभिमान दाखवतो तो हापूस तर एका पोर्तुगीज माणसाच्या नावावरून.

दुसरी बाजू पण आहे हं. राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या काळातला, फारसी कारभारी शब्दांना संस्कृत शब्द देणारा, म्हणजे ही खाज जुनीच आहे आणि चांगल्या लोकांना झालेली आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले आणि ते इतके मुरले की ते कधीतरी नवे होते हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मला वाटतं नवा शब्द टिकतो तो तोंडात बसला तर. म्हणून तुम्ही दंड उलटा करा. परका शब्द वापरला म्हणून पाच रुपये नको, त्याला तोंडात बसेल असा मराठी शब्द काढून दाखवला तर पाच रुपये बक्षीस. स्क्रीनशॉटला काढा. आमच्या पुतणीने 'टिपकागद'वरून 'टिपचित्र' काढलाय, मला आवडला, घरात कुणी वापरत नाही.

आणि फलाटावर उभे असाल तेव्हा 'फलाट' हा शब्द दहा वेळा म्हणून बघा. प्लॅटफॉर्मचं आपण चक्क फलाट केलं, आणि तो अस्सल आपला वाटतो. याला दंड किती?

प्रश्न : ऑनलाइन शब्दांच्या भेंड्या खेळतो. 'ळ' आला की भांडणं. काय करायचं?
— चार मावसभावंडं, दहिसर

उत्तर : ळ वरून मराठीत शब्द सुरू होतच नाही, म्हणून ल घ्यायचा, सगळीकडे हेच करतात. ण चं पण तसंच, न घ्या. मुद्दाम ळ वर संपणारे शब्द देणाऱ्याला (प्रत्येक घरात असा एक भाऊ असतो) ओळीने दोनदा बंदी. पण ळ ला नावं ठेवू नका. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी, तिथं बसलाय तो. प्रमाण हिंदीत नाही, आपल्याकडे आहे, आणि मुंबईतल्या पोरांच्या तोंडून 'बाळ'चं 'बाल' ऐकलं की मला कसंसंच होतं. शब्द कमी पडत असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेत, फुकट. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, बाहेर काय चाललं होतं आणि आत हा माणूस लुसलुशीत आणि गुळगुळीत करत बसलेला. खेळताना उघडून बघणं मात्र चीटिंग.

ताजा कलम : पान छपाईला जायच्या आदल्या दिवशी भांडुपच्या अडगळचा मेसेज आला, तो तसाच देते.

"ताई, तुम्ही फोनवर सांगितलं तसं 'काळजी' पाठवलं होतं. चार दिवस एकच टिक. काल रात्री दहाला, पाळी झुळूकची होती तरी मध्येच, घंगाळचा ग्रुपवर एक शब्द आला. 'मोतीबिंदू'. दोन्ही डोळ्यांचा झाला म्हणे, एकापाठोपाठ एक, आणि मुलाने फोन काढून घेतला होता. पागोळी आणि किरमिजीने सातपैकी सात दिले. मी साडेसहा दिले. ळ नाही."